बिनधुराचं सपान

"डायरेक्टर, एक इचारू? ह्यो पोरगा खरंच आलाय, का सपान हाय?"

शालूबाईंनी हे विचारलं तेव्हा लाइट लागले होते, चुलीत निखारे धरले होते आणि दाराबाहेर रिजवान अंगावर दोन बादल्या पाणी ओतून घेऊन कुडकुडत उभा होता. जानेवारीतली सकाळ. शहराबाहेरचं एक रिकामं घर आम्ही शूटिंगसाठी पंधरा दिवस घेतलं होतं. सिनेमाची गोष्ट लहानशी होती. पुरात वाहून गेलेला मुलगा एका दुपारी घरी येतो, आई त्याला वाढते, तो जेवतो आणि निघून जातो. मुलगा रिजवान, इचलकरंजीचा, नाटकातला. आई शालूबाई.

विश्वजितने, म्हणजे आमच्या दिग्दर्शकाने, मॉनिटरवरून मान वर केली. "मावशी, ते प्रेक्षक ठरवतील."

"प्रेक्षक ठरवतील की. पर दार मला उघडायचंय."

कॅमेऱ्यामागे कोणीतरी फिसकन हसलं. विश्वजित हसला नाही. पुण्यात सिनेमा शिकून आलेला माणूस, असल्या प्रश्नाला त्याच्याकडे तासाभराचं उत्तर असायचं. या वेळी तो नुसता म्हणाला, "मलाच माहीत नाही, मावशी. शपथ."

"आता काय बोलावं." त्या माझ्याकडे वळल्या. "पोरी, तू सांग. तुझ्याकडं वही हाय."

वही होती, कारण कंटिन्युइटी माझ्याकडे होती. एका शॉटमध्ये पदर डाव्या खांद्यावर असेल तर पुढच्या शॉटमध्येही तो तिथंच हवा. कंदिलात तेल किती, केस किती ओले, ताटात काय उरलंय, सगळं टिपायचं. स्वप्न की खरं, असा रकाना माझ्या वहीत नव्हता. मी तसं सांगितलं.

"मग कसली वही ती," शालूबाई म्हणाल्या.

त्रेसष्ट वर्षांची ही बाई दहाव्या वर्षी पहिल्यांदा कॅमेऱ्यासमोर उभी राहिली. आई स्टुडिओत कपडे धुवायला जायची, गर्दीत एक पोर कमी पडलं, हिला उभं केलं. त्यानंतर पन्नास वर्षं ती गर्दीतच राहिली. जत्रेतली बाई, पाणवठ्यावरची बाई, मयताला रडणारी बाई. आयुष्यातला सर्वांत मोठा संवाद, "अगं बया, कोण आलंय बघा." तेवढा एक सोडला तर हसणं, रडणं आणि चालणं. पण ते चालणं तिला नेमकं ठाऊक होतं.

"आमच्या येळंला सोपं हुतं," त्या पदर सारखा करत म्हणाल्या. जुन्या कोल्हापुरी बायकांसारख्या त्या 'येतो, जातो' असंच बोलायच्या. "धूर सोडला की सपान. मास्तर वरडायचं, शाले, सपनात पापणी हलवायची न्हाई आन पायाकडं बघायचं न्हाई. खऱ्यात बघायचं. खऱ्यात ठेच लागती. म्हणून मी दरवेळी आधी इचारतो. सपान असलं तर तरंगत जातो, खरं असलं तर बघून जातो. आता ह्यात धूर हाय का?"

"नाही," विश्वजित म्हणाला.

"मग खरं धरतो."

आणि त्या खरं धरून चालल्या. चुलीपासून दारापर्यंत नऊ पावलं, त्यात एक उंबरा आणि एक उखडलेली फरशी. त्या फरशीपाशी त्यांनी खाली बघितलं, पाय उचलून टाकला, कडी काढली. रिजवानला बघून बाजूला झाल्या, इतकंच.

घोळ झाला तो ताटापाशी.

आमच्याकडे जेवणाऱ्याच्या समोर ताट रिकामं दिसू द्यायची पद्धत नाही. शेवटचा घास मोडायच्या आत वरून भाकरी पडते. नको म्हणायचं असेल तर ताटावर आडवा हात धरावा लागतो, आणि तरीही बोटांच्या फटीतून थोडं कालवण येतंच. शालूबाईंनी तीच पद्धत सेटवर चालवली. प्रत्येक टेकला रिजवान खायचा, प्रत्येक टेकला त्या वाढायच्या.

"आक्का, बास की," रिजवान कळवळला. "मला पोट कमी करायला सांगितलंय."

"घरी जाऊन कर. हितं तू सहा वर्सांनी आलायस."

सामानाचं बघणारा करीम टोपलं घेऊन पुढे आला. "शालूआपा, अकरा भाकऱ्या गेल्या. आता टोपल्यात काय म्हंजे काय न्हाई. दुपारच्याला काय दाखवू, कागद?"

"थापतो की. पीठ आण."

पहिला शॉट रिजवानच्या तोंडावर होता. तो पोटभर जेवला, ताट जवळजवळ पुसलं. मग कॅमेरा दाराकडे हलवायचा होता, त्यात अर्धा तास गेला. त्या अर्ध्या तासात मी पडद्याच्या चुण्या मोजत बसले, आणि शालूबाईंनी ताट पुन्हा काठोकाठ भरलं. दुसऱ्या शॉटमध्ये मुलगा उठून जातो आणि मागे ताट राहतं, तुडुंब. मला कळलं दोन दिवसांनी. मी विश्वजितला सांगितलं, त्याने लॅपटॉपवर दोनदा बघितलं. "राहू दे," म्हणाला. "कुणाला सांगू नकोस."

ताटाच्या त्या शॉटच्या दिवशी जेवायच्या सुट्टीत शालूबाई माझ्याशेजारी अंगणात बसल्या होत्या. मग म्हणाल्या, "डायरेक्टरला म्हायती न्हाई म्हणाला न्हवं? मला म्हायती हाय. माझा गुंडू असाच आलता."

गुंडू त्यांचा एकुलता एक मुलगा. दुधाच्या टेम्पोवर होता. नदीकडच्या पेठेत दोन खोल्यांचं घर, लग्नाला वर्ष झालेलं. एकोणीसच्या महापुरात गल्लीत छातीएवढं पाणी चढलं, सगळे बाहेर पडले, आणि शेजारच्या गोठ्यात पाच म्हशी दाव्याला बांधलेल्या राहिल्या. गुंडू दावी कापायला परत गेला. म्हशी पोहत वर आल्या, पाचही. तिसऱ्या दिवशी त्यातली एक व्याली. गुंडू आला नाही. त्याचं काहीच मिळालं नाही, चप्पलसुद्धा नाही.

"गेल्या चैत्रात," शालूबाई सांगत होत्या, "भर दुपार. लाइट गेलेली. मी पंखा घिऊन वारा घालत पडलेलो. मागचं दार वाजलं. बघतो तर ह्यो उभा. पँट गुडघ्यापातूर भिजलेली. म्हणला, आई, भूक लागलीया. त्याचं ताट झाकून ठेवलेलंच असतंय, रोज ठेवतो मी. बसला, जेवला. म्हणला, अजून एक वाढ. वाढली. पाणी आणाय उठलो, आलो, तर न्हाई."

मी म्हटलं, "मावशी, डोळा लागला असेल."

"सून पण हेच म्हणती. मी काय आज आलो व्हय ह्या धंद्यात? धूर न्हवता. पापणी हलत हुती. दाराकडं जाताना मी पायाकडं बघितलं, कारण मधी पाटा पडलेला. सपनात पाटा कोण बघतंय?"

त्यांच्याकडे पुरावा होता. पन्नास वर्षांच्या कामातून आलेला.

सिनेमा पुरा व्हायला पावणेदोन वर्षं लागली. पहिला खेळ कोल्हापुरातच, एका फिल्म क्लबच्या छोट्या हॉलमध्ये ठरला. यंदाच्या ऑक्टोबरात मी शालूबाईंना आमंत्रण द्यायला गेले तेव्हा घरात भांडण चालू होतं. आवाज मोठे नव्हते. भांडण जुनं झालं की आवाज खाली येतो.

सून संयोगिता औषधाच्या दुकानात काम करते, एकतीस वर्षांची. मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि सरळ म्हणाली, "बरं झालं ताई तुम्ही आलात. तुम्हीच सांगा ह्यांना. आत्ती तुमचं ऐकतात."

"काय सांगायचंय?"

"ऑगस्टमध्ये सात वर्षं झाली. सात वर्षं माणसाचा पत्ता नसला तर कोर्ट त्याला मयत धरतं. अर्ज केलाय. वकील म्हणाले, आईची साक्ष लागणार. एकच वाक्य बोलायचं. एकोणीस सालानंतर मुलगा दिसला नाही, त्याची काही खबर नाही."

"आन मला त्यो दिसलाय," शालूबाई भिंतीला टेकून बसल्या होत्या. "पन्नास वर्सं खोटं रडलो, पर शपथ घिऊन खोटं कधी बोललो न्हाई."

"तुम्ही चोवीस सालात दिसला म्हणालात की सात वर्षं परत पहिल्यापासून. एकतीस सालापर्यंत थांबायचं. मी छत्तीसची होईन."

"मी कुठं आडवा आलो? जा की मुरगूडला."

मुरगूडला विजयसिंह नावाचे एक गृहस्थ होते. शेतीची अवजारं विकायचे, बायको वारलेली. संयोगिताला मागणी घालायला दोनदा घरी येऊन गेले होते, शालूबाईंच्या पाया पडून गेले होते. शालूबाईंनी त्यांना चहासोबत चिवडा दिला होता आणि तो संपायच्या आत पुन्हा वाढला होता.

"कशी जाऊ?" संयोगिताने गळ्यातलं मंगळसूत्र बोटाने उचललं. "सवाष्ण म्हणून जाऊ? का विधवा म्हणून? हळदीकुंकवाला बायका मला बघून थांबतात, लावावं का न लावावं त्यांना कळत नाही. शेवटी न लावता पुढं जातात. सात वर्षं मी ह्या घरात ना धड बायको, ना धड कोण."

शालूबाई लुगड्याच्या काठावरची चुणी सरळ करत बसल्या.

"त्या दिवशी चार वाजता मी आले ताई," संयोगिता माझ्याकडे बघत म्हणाली. "आत्ती हसत होत्या. म्हणाल्या, गुंडू जेवून गेला. मी ताटावरचं झाकण काढलं. ताट जसंच्या तसं. सकाळी सहा भाकऱ्या थापल्या होत्या, दोन ताटात, चार टोपल्यात. मी मोजल्या. सहाच्या सहा."

"पोरगं जेवून गेलं आन ही भाकऱ्या मोजती," शालूबाई म्हणाल्या. "मी परत वाढलं म्हणून ताट भरलेलं दिसलं. सांगितलं की तुला."

संयोगिता उठली आणि आतल्या खोलीत गेली. कपाटाचं दार उघडल्याचा आवाज आला. चुलीकडच्या फडताळात एक ताट दुसऱ्या ताटाने झाकलेलं होतं. मी आमंत्रण शालूबाईंच्या हातात दिलं. तारीख बघून त्या म्हणाल्या, "साक्ष त्याच्या दुसऱ्या दिवशी हाय."

रविवारची दुपार, चाळीस खुर्च्या, निम्म्याहून जास्त भरलेल्या. शालूबाई माझ्याशेजारी, इस्त्रीच्या लुगड्यात. पलीकडे संयोगिता. पडद्यावर स्वतःचा चेहरा भिंतीएवढा आला तेव्हा शालूबाईंनी एकदा माझा हात दाबला, "केवढ्या सुरकुत्या गं," म्हणाल्या, आणि मग शेवटपर्यंत हलल्या नाहीत.

लाइट लागले. चर्चा सुरू झाली. विश्वजित माइक घेऊन पुढे बसला. पहिला प्रश्न पूर्णिमा नावाच्या कॉलेजातल्या मुलीचा. "सर, मुलगा खरंच येतो, की आईचं स्वप्न आहे?"

"तुम्हाला काय वाटलं?" विश्वजित.

"मला खरं वाटलं. ती दाराकडे जाताना फरशी बघून पाय टाकते. स्वप्नात एवढं जपून कोण चालतं?"

शालूबाईंनी त्या मुलीकडे मान वळवून नीट बघितलं. संयोगिता समोर बघत राहिली.

मग पुढच्या रांगेतून अमरसिंह सर उठले. निवृत्त प्राध्यापक, क्लबचे जुने सभासद, चष्मा कपाळावर. "फरशीवर जाऊ नका. फरशी फसवते. ताट बघा. मुलगा जेवतो, आपल्यासमोर पोटभर जेवतो, आणि उठून जातो तेव्हा ताट भरलेलंच आहे. एक घास कमी नाही. जेवायला कोणी आलंच नव्हतं. म्हातारी एकटी बसली होती भरल्या ताटासमोर. दिग्दर्शकाने आपल्याला फक्त तेवढं दाखवलं आणि गप्प बसला. याला मी सिनेमा म्हणतो."

टाळ्या पडल्या. मी विश्वजितकडे बघितलं. तो माइकच्या वायरकडे बघत होता. चूक माझी होती, हात शालूबाईंचा होता, आणि टाळ्या त्याला पडत होत्या.

माझ्या शेजारी शालूबाई उठून उभ्या राहिल्या. "पर धूर न्हवता की."

सगळे वळले. अमरसिंह सरांनी चष्मा खाली घेतला, पडद्यावरची आई ओळखली आणि हात जोडले. "काय म्हणालात, आजी?"

"धूर न्हवता. धुराबिगर सपान असतंय व्हय?"

सर हसले, मायेनेच हसले. "असतं की. तुम्हाला घरात पडतात त्या स्वप्नांत कोण धूर सोडतं?"

हॉलमध्येही थोडा हशा पिकला. शालूबाई खाली बसल्या. संयोगिताने त्यांच्या पाठीवर हात ठेवला, तो त्यांनी झटकला नाही.

बाहेर जिन्यात मी त्यांना गाठलं. उद्या साक्ष, आणि ही बाई माझ्या एका चुकीवर पोराला मेला म्हणणार.

"मावशी, ऐका. ते सर म्हणाले ते खरं नाही. ताट तुम्ही भरलं होतं. दोन शॉटच्या मध्ये. मी बघायला पाहिजे होतं, चुकले. त्यात अर्थबिर्थ काही नाही."

"मला म्हायती न्हाई व्हय? मीच वाढलं." त्या कठड्याला धरून उभ्या होत्या. "त्या सरास्नी काय ठावं. तुमचा शिनेमातला पोरगा खराच आलता. अकरा भाकऱ्या खाल्ल्यान त्यानं. करीम वरडत हुता, टोपलं रिकामं झालं म्हणून."

"मग?"

"मग काय." त्यांचा आवाज कुठेही फाटला नाही. "वाढलं की टोपल्यातलं कमी हुतंय पोरी. शूटिंगला कमी झालं. घरात न्हाई झालं. चार हुत्या, चारच ऱ्हायल्या. मी ताटाचंच धरून बसलो. टोपल्याकडं बघितलंच न्हाई."

दोन पायऱ्या खाली संयोगिता उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

"संयू," शालूबाई म्हणाल्या, "त्या वकिलाला फोन लाव. सांग, येतो म्हणावं."

"काय सांगणार आहात, आत्ती?"

"आला न्हाई, म्हणून सांगतो."

"आणि दिसला ते?"

"ते माझ्याजवळ ऱ्हाऊ दे. ते कागदाचं न्हाई."

दुसऱ्या दिवशी संयोगिताच्या सांगण्यावरून मीही कोर्टात गेले. आमचा नंबर साडेबाराला लागला. शालूबाईंनी शपथ घेतली. वकिलांनी नाव, वय, पत्ता विचारला, पुराची तारीख विचारली, म्हशींचं विचारलं. मग म्हणाले, "एकोणीस सालच्या त्या दिवसानंतर तुमचा मुलगा गुंडू तुम्हाला दिसला का? किंवा त्याची काही खबर आली का?"

टायपिंग करणाऱ्या बाईंची बोटं वर थांबली. संयोगिताने बाकाची कड धरली होती. न्यायाधीशांनी मान वर केली. "आजी, प्रश्न समजला का?"

"समजला." त्यांनी पदर सारखा केला. "न्हाई."

"नाही म्हणजे?"

"दिसला न्हाई. खबर न्हाई. वाहून गेला."

टायपिंगचा आवाज पुन्हा सुरू झाला. तीन वाक्यांच्या मानाने तो खूप वेळ चालला. सही करून शालूबाई साक्षीदाराच्या पिंजऱ्यातून उतरल्या. दोनच पायऱ्या होत्या. त्यांनी खाली बघून एकेक पाय टाकला.

घरी आलो तेव्हा अडीच वाजले होते. वाटेत रिक्षात संयोगिता म्हणाली, "गुरुजी म्हणाले, पळसाच्या पानांचा माणूस करून अग्नी द्यायचा असतो. अमावास्येला."

"दिऊ की," शालूबाई म्हणाल्या. "अंगात त्याचाच सदरा घालू. निळा."

घरात शिरल्यावर त्या हातपाय धुऊन तडक फडताळाकडे गेल्या. सकाळी कोर्टात जायच्या आधी त्यांनी सवयीने ताट झाकून ठेवलं होतं. ते काढलं, खाली ठेवलं, वरचं झाकण बाजूला केलं. दोन भाकऱ्या, वांग्याचं कालवण, कांदा, कडेला खर्डा. सगळं गार. त्या ताटासमोर बसल्या आणि जेवायला लागल्या.

"आत्ती, गरम करून देते," संयोगिता म्हणाली.

त्यांनी मान हलवली. गार भाकरी चिवट झाली होती, दात लागत नव्हते. तोडून, कालवणात भिजवून, एकेक घास. मी आणि संयोगिता दोघी उभ्याच होतो. सात वर्षांत त्या ताटातलं कोणी खाल्लं नव्हतं. रोज संध्याकाळी ते गाईला जायचं. शालूबाईंनी दोन्ही भाकऱ्या संपवल्या, कांदा संपवला, कालवण बोटाने पुसून घेतलं. ताटाचा पत्रा दिसायला लागला.

संयोगिता टोपल्याकडे वळली. हाताने आपोआपच केलं ते, तिलाही कळलं नसेल. भाकरी घेऊन ती वाकली.

शालूबाईंनी ताटावर आडवा हात धरला. बोटं घट्ट जुळवून, फट न ठेवता.

"नको," त्या म्हणाल्या. "ऱ्हाऊ दे रिकामं."